वाटणीत आलेला डोंगर

वाटणी झाली तवा थोरल्या दिराला काळं रान आलं अन् आमाला डोंगर आला.

सगळा डोंगर न्हाई. डोंगर तं गायरान, गावाच्या गाई तिथं चरायच्या. पण डोंगराच्या पायाशी जो उतार हाय, अन् त्याच्या मधातून खाली आलेली जी घळ हाय, ते आमच्या नावानं पडलं. मोजाया गेलं तं आमचंच जास्ती भरलं. थोरले दीर पंचाइतीत म्हणले, "धाकट्याला जास्ती देऊन राहिलो. पुन्हा कुणी म्हणू नये थोरल्यानं गळा कापला." अन् ते खोटं नव्हतं. जास्तीच व्हतं. फकत त्याच्यात माती नव्हती.

माहे मालक बोलायला कमी. "दादा म्हणते तसं," येवढंच म्हणले अन् घरी आले.

म्या इचारलं, "त्या घळीत पेरायचं काय? गोटे?"

"पाहू," म्हणले.

लोकं म्हणतात डोंगर जागचा हालत न्हाई. ज्यानं डोंगराखाली वावर केलं न्हाई त्यानं खुशाल म्हणावं. आमच्या साखरा गावाच्या अंगाला सगळे डोंगर असे चपट्या डोक्याचे, दुरडीत भाकरी रचून ठेवाव्या तसे. वरती काळा पाषाण, त्याच्या खाली भुसभुशीत मुरूम, मधात एखादी गेरूसारखी लाल पट्टी, अन् पुन्हा पाषाण. चैतात भर दुपारी तो वरचा दगड तापून तडकायचा. फुटाणा फुटल्यावानी आवाज यायचा, पण मोठा. चिरीत पिपरीचं मूळ शिरायचं अन् पाचराचं काम करायचं. मंग पावसाळ्यात एखादा धोंडा सुटायचा अन् गडगडत घळीनं खाली. आमच्या वाटणीत यायचा. डोंगर रोज थोडा थोडा आमच्याकडं येऊनच राहिला व्हता.

आता माही नात शिकलेली हाय. ती म्हणती, आजी, लई लई आधी जिमीन फाटली अन् दगड पातळ हून वाहला, एका थरावर दुसरा थर बसला, असे हे डोंगर झाले. म्या म्हणलं बराबर हाय, धिरड्यावर धिरडं टाकल्यावानीच दिसते ते. पण झाले कसे हे सांगायला तू हाय, मोडते कसे ते मला इचार.

वाटणीच्या सालातच ठरून गेलं व्हतं की घळ काही पिकली न्हाई तं मालकाला साल धरावं लागंल. साल धरणं म्हंजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत दुसऱ्याच्या वावरात गडी म्हणून राहणं. गडी झालेल्या माणसाला गावात कुणी 'आवं' म्हणत न्हाई, 'आरं' म्हणतात. माह्या मालकाला कुणी 'आरं' म्हणावं हे मला सोसणार नव्हतं. ते सोसतील, ते काहीबी सोसायचे.

मंग आमी घळीला आडवा दगडाचा बांध घालायचं ठरवलं. डोंगर माती सोडतोच हाय, तं ती आडवायची. मालकानं पहारीनं धोंडे हालवायचे, म्या टोपल्यानं लहान गोटे वाहायचे. लेकरू पळसाला झोळी बांधून टाकलेलं. कमरेयेवढा बांध झाला. अन् मंग आमी लई शानपण केलं. घराची भित कशी बांधतात, तशी त्या बांधाची भोकं चिखलानं लिंपून काढली. चिखलात वाळल्या गवताचं तनीस कालवलं, हातानं सारवलं. म्या म्हणलं, मातीचा एक कण बी खाली जाऊ देणार न्हाई. आपली माती आपल्याच घरी.

भादव्यात पाऊस आला. घळ भरली. बांधाच्या मागं पाणी हौदावानी साचलं, अन् आमी दोघं पोतं डोक्यावर घेऊन हरखून पाहून राहिलो. पाणी वर, वर, आणखी वर आलं. मंग बांधाला मधात पोट सुटल्यावानी झालं. मालकानं माहा हात धरून मला वढलं, तेवढ्यात सगळा बांध गेला. गोटे, चिखल, पाणी, समदं खाली दिराच्या तुरीत. त्यायची उभी तूर झोपली.

जाऊबाई धुऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. धुरा म्हंजे दोन वावराच्या मधातली हद्द. म्हणल्या, "डोंगर आडवाया निघाली व्हती महाराणी! आधी घरातली गळती आडव!"

घर गळत व्हतं हे खरं. ते गोटे त्यायच्या वावरातून आमीच येचून काढले, दिवाळीपर्यंत. माह्या हाताच्या एका बोटाचं नख त्यात गेलं, ते नीट आलंच न्हाई. अन् त्याच हिवाळ्यात लेकरू गेलं, तापानं. ते मी इथं सांगत न्हाई.

पाडव्याला मालकानं साल धरलं. आमच्या गावात न्हाई, लांब हट्टा गावाला, एका मोठ्या शेतकऱ्याकडं. गावात कुणी 'आरं' म्हणलेलं मला ऐकू येऊ नये म्हणून इतकं लांब गेले, असं मला वाटते. त्यायनं कधी सांगितलं न्हाई, म्या कधी इचारलं न्हाई.

पोळ्याला घरी आले तवा म्हणले, "तिकडची माती पाह्यली तं तू रडशील. पहार अख्खी खाली जाते, तरी खालून 'टण्' म्हणून आवाज येत न्हाई."

"कुठून आली तिकडं इतकी माती?"

"असंल कुठल्या डोंगराची."

सहजच म्हणले, पण माह्या डोक्यात ते बसलं. काळी माती म्हंजे दुसरं काय, दळून झालेला डोंगरच. मंग आमच्या दारातून जे दळण चाललं हाय त्यातलं मूठभर आमाला काहून भेटू नये?

मालक परत गेल्यावर मी येकटीच घळीत जाऊन बसायची. सरपण गोळा करायचं निमित्त. तिथं खाली धुऱ्यापाशी थोरल्या दिरानं ढोरं आत येऊ नये म्हणून बोरीच्या काट्याची वई टाकली व्हती. वई म्हंजे निस्ते काटे रचलेले, त्याच्यातून हात आरपार जाईल अशी. पाऊस पडून गेला व्हता. पाह्यलं तं वईच्या वरल्या अंगाला माती साचलेली. चांगली इतभर, मऊ, लोण्यासारखी. अन् वई जशीच्या तशी उभी.

मी तिथंच बसून राहिले. इतका जड बांध गेला अन् हे चार काटे राहिले, काहून? काटे पाण्याशी भांडलेच न्हाईत. पाण्याला जाऊ दिलं. पाण्याचं पाऊल जड झालं, तवा त्यानं डोईवरचं वझं खाली ठेवलं अन् मंग गेलं. आमी पाण्यालाच कोंडाया गेलतो.

सासूला जाऊन सांगितलं. सासू थोरल्याच्या घरी राहायची, पण तिचा जीव दोन्हीकडं. आमी तिला आत्याबाई म्हणायचो. म्हणली, "मंग बांध घाल, पण लिंपू नको."

"येकटीनं?"

"मी काय मेले?"

तिचं वय झालेलं, कंबर वाकलेली. जाऊबाईला सांगायची, शेण येचाया जाते, अन् पाटी घेऊन घळीत यायची. खरंच शेण बी न्यायची, खोटं पडू नये म्हणून.

या येळी आमी आधी खाली उकरलं, पक्का दगड लागेपर्यंत. रुंद पाया धरला. मोठे धोंडे तसेच ठेवले, मालक दिवाळीला आले की पहारीनं बसवतील म्हणून. बाकीचे गोटे एकात एक आडकवून रचले, डोंगराकडं जरा कलते. चिखल न्हाई, काही न्हाई. उंची फकत गुडघ्यायेवढी. अन् एका अंगाला मुद्दाम बांध ठेंगणा ठेवला, पाणी लई झालं तं तिकडून सांडून जावं.

लोकं हसायचे. बंजाऱ्याच्या तांड्याचे नाईक डोंगरावरून गुरं घेऊन उतरायचे. त्यायच्या आज्या-पणज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुख पालथा घातलेला, आता तेबी वावर करायचे. उभे राहून म्हणले, "बाई, हा बांध हाय का चाळणी?"

म्या म्हणलं, "चाळणीच हाय, नाईक. डोंगर चाळून घेऊन राहिले."

त्यायला हसू आलं. मंग म्हणले, "चाळून घे. माहा आजा सांगायचा, त्या सुळक्याच्या सावलीत आख्खा बैलाचा तांडा बसायचा. आता पाह्य, सावलीत दोन शेळ्या मावत न्हाईत. गेला कुठं सुळका? तुमच्याच घळीनं गेला."

पहिल्या साली बांधामागं निस्ते गोटे अन् खडे बसले. मी खचले. सासू म्हणली, "धीर धर. दळताना आधी कणीच पडते." दुसऱ्या साली खड्यावर रेती बसली. आमी बांधाला एक थर वर चढवला. मंग पुन्हा एक थर. जितकी माती तितकाच बांध, त्याहून वर एक गोटा न्हाई. पाणी बांधातून गाळून निघायचं, खाली गेल्यावर नितळ दिसायचं. मालक सुट्टीला आले की न बोलता पहार घ्यायचे. एकदा पावसाची लई मोठी झड लागली. डोंगराचा कडा सुटला, आवाज गावापर्यंत गेला. सकाळी पळत गेलो तं एक धोंडा, बैलाच्या धडायेवढा, घळीनं येऊन बांधाला टेकून बसला व्हता. बांध जागचा हालला नव्हता. सासूनं त्या धोंड्याला हात लावून पाह्यलं अन् म्हणली, "आला बाई पाव्हणा. ऱ्हाय हितंच." त्याला आमी बांधातच घेतलं.

असं करता करता एका साली माती दिसली. खरी माती. ओली करून मुठीत दाबली तं गोळा झाला. म्या तो गोळा घरी नेऊन चुलीपाशी ठेवला, दोन दिवस पाहून राहिले.

त्या मातीत जवारी पेरली. निजामाची मोगलाई जायच्या जरा आधीची गोष्ट. धाटं माह्या डोक्याच्या वर गेली. घळीत ओल लई दिवस टिकायची, त्याच्यानं सगळ्या शिवारात कणसं वाळली तरी आमची हिरवी. लोकं वाट वाकडी करून पाहाया यायचे. जे हसले व्हते ते बी आले. मालक पहिल्यांदा पाडव्याआधी हिशेब मिटवून घरी आले अन् म्हणले, "पुन्हा न्हाई जात."

अन् तिथंच घात झाला. जवारी खळ्यावर आली अन् थोरल्या दिरानं पाटलाला बोलावलं.

त्यायचं म्हणणं असं: डोंगराची माती दर साली घळीनं आमच्या वावरात यायची, नवी माती पडायची, रान ताजं व्हायचं. आता वर बांध घालून ती आडवली. म्हंजे ती माती आमच्या हक्काची, घळीतलं वावर निम्मं आमाला द्या.

पाटील आले, नाईक आले, भावकीतली माणसं आली. सगळे बांधावरच बसले. मी पदर घेऊन आत्याबाईच्या मागं. थोरल्या दिरासमोर तोंड उघडायची रीत नव्हती.

पाटील म्हणले, "खालच्याचा बी हक्क असतो. पाण्यावर असतो तसा मातीवर बी असंल."

निम्मं गेलं तं राहिलेल्यावर घर चालत न्हाई. मालक पुन्हा हट्ट्याला. अन् ते तं तोंडातून शबूद काढीनात, खाली पाहून गवताची काडी मोडून राहिले.

म्या सासूच्या कानात म्हणलं, पण सगळ्यायला ऐकू जाईल असं, "आत्याबाई, त्यायला इचारा, आधी गोटे आले तवा कुणाचे व्हते?"

सासू मोठ्यानं म्हणली, "ही इचारते, आधी गोटे आले तवा कुणाचे व्हते?"

"ऐकू आलं," दीर म्हणले.

"त्यायला म्हणा, गोटे बी निम्मे न्या मंग. एक तं बैलाच्या धडायेवढा हाय."

नाईक हसले. जाऊबाई लांबून वरडल्या, "त्वांड पाह्य कसं चालते हिचं! पदर घेतला तं निस्ता नाकावर!"

दीर चिडले. "माय, तू मधात पडू नको. मी माह्या हक्काचं मागून राहिलो."

सासू उठली. कंबर वाकलेली, पण उठली. शेण येचायची तीच पाटी घेतली, बांधामागची माती हातानं उकरून तीत भरली अन् थोरल्या लेकासमोर ठेवली.

"घे डोक्यावर. चाल तुही हद्द."

ही जुनी रीत. जिमिनीवर दावा सांगायचा तं त्याच जिमिनीची माती डोक्यावर घ्यायची अन् जितकी माही म्हणता तितक्या हद्दीवरून चालायचं. खोट्या हद्दीवर पाऊल पडलं तं वंश ऱ्हात न्हाई म्हणतात.

पाटील म्हणले, "म्हातारे, पोराच्या पोरांवर शपथ घालून राहिली का तू?"

सासू म्हणली, "पोर माहं हाय. मी ओळखते त्याला."

दिरानं पाटी डोक्यावर घेतली. आपल्या वावराच्या खालच्या टोकापासून निघाले. आमी सगळे बांधावरून पाहून राहिलो. माती ओली व्हती, पाटीतून त्यायच्या कपाळावर वघळ आला. तुरीच्या कडंनं वर, वर, धुऱ्यापर्यंत आले. धुऱ्याच्या दगडापाशी थांबले.

त्याच्या म्होरं आमचा बांध. बांधाच्या म्होरं आमचं वावर, अन् त्याच्या म्होरं डोंगर, जो कुणाचाच न्हाई. मातीवर हक्क सांगायचा तं जिथून माती आली तिथपर्यंत चालावं लागणार. त्यायनं एक पाय उचलला. मी सासूचा हात धरला, तिचा हात थंडगार. त्यायनं मान वर करून डोंगराकडं पाह्यलं, लई येळ. मंग पाय होता तिथंच ठेवला.

"हितपर्यंत माहं," म्हणले. "हिच्या वर माहं न्हाई."

दिरानं पाटी डोक्यावरून उतरवली अन् वर बांधाकडं धरली. "धर धाकट्या."

मालकानं वाकून पाटी घेतली. आमच्या वावरात नेली अन् रिकामी केली. पाठ आमच्याकडं व्हती, पण खांदे हालून राहिले व्हते, ते म्या पाह्यलं.

जाऊबाई म्हणल्या, "पाटी तरी परत द्या. माही हाय ती."

सगळे असे हसले की नाईकाची बसलेली गुरं उठली. पाटील धोतर झटकत म्हणले, "ज्यानं गोटे काढले त्याची माती. झालं." अन् आमच्या घरी जेवाया आले. थोरले दीर बी आले. नव्या जवारीच्या भाकरी म्या थापल्या, अन् सासू वाढत गेली. दिराला भाकर वाढताना म्हणली, "कशी हाय?"

"गोड हाय," म्हणले. मंग जरा थांबून, माह्याकडं न पाहता, "माय, तिला इचार, खाली माह्या वघळीत असा बांध बसंल का?"

म्या चुलीपासून म्हणलं, "आत्याबाई, त्यायला सांगा, बसंल. पण लिंपायचा न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात त्यायचा बांध आमीच घातला. जाऊबाईनं बी गोटे वाहले, शिव्या देत देत, पण वाहले. आमच्या बांधातून गाळून गेलेली बारीक माती तिथं बसायला लागली. मंग घळीत एकाखाली एक पायऱ्यावानी वावरं झाली. आज बी हायेत. डोंगर अजून येऊनच राहिला हाय, अन् आमी घेऊनच राहिलो.

पण मला आठवते तो त्या पहिल्या जवारीच्या सालचाच पाडवा. गडी ठरवायला हट्ट्याचा तो मोठा शेतकरी सोता आला, घोड्यावर. मालक अंगणात नांगराला फाळ बसवून राहिले व्हते. तो घोड्यावरूनच म्हणला, "काय रं, चलतो न यंदा?"

माह्या मालकानं फाळ ठोकून पक्का केला, मंग वर पाह्यलं. जन्मात ते कुणाला उलटून बोलले नव्हते.

म्हणले, "यंदा मलाच एक गडी पाह्यजे, मालक. तुमच्या पाहण्यात असंल तं धाडा."

तो माणूस घोड्यावरून खाली उतरला. बाजेवर बसला, पाणी मागितलं. जाताना म्हणला, "येतो मंग. अन् आवं, ती घळ एकदा दाखवा मला."

मी आतून ऐकून राहिले व्हते. तांब्या घासायचा तसाच हातात ऱ्हायला.